मुलीचं नाव 'रुक्मिणी' ठेवायचंय, घरात कुणालाच पटून नाही राहिलं

मानेवाडा_कूलरवाला
राम राम मंडळी. आठ दिवसांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या दोन दिवस आधी आली, त्यामुळे बाई हुशार आहे हे तर सिद्धच झालं. बारसं पुढच्या रविवारी. गुरुजींनी स्वाती नक्षत्र, पहिलं चरण सांगितलं, म्हणजे 'रू' अक्षर. माझ्या आजीचं नाव रुक्मिणी होतं. मी सातवीपर्यंत तिच्याचजवळ वाढलो, त्यामुळे 'रू' ऐकल्याबरोबर मी म्हटलं बस, ठरलं.

पण घरात कुणालाच पटून नाही राहिलं. बायको म्हणते मला चालेल, पण शाळेत पोरं चिडवतील त्याचं काय. सासूबाई म्हणतात त्यांच्या चुलतसासूचं नाव रुक्मिणी होतं आणि तिने त्यांना इतकं छळलं की नातीला त्या नावाने हाक मारणं जमणारच नाही. बहिणीने व्हॉट्सॅपवर रुही, रुत्वी, रुद्राणी अशी पंचवीस नावं पाठवली आहेत. आई काहीच बोलत नाही, ते एक वेगळंच.

इथे कुणाच्या ओळखीत आजकालच्या एखाद्या लहान मुलीचं नाव रुक्मिणी आहे का? आणि नावाचा नेमका अर्थ काय? नेटवर 'लक्ष्मीचा अवतार' याच्यापुढे कोणी जातच नाही.

तर्रीपोहे
अभिनंदन भाऊ! नावाचं नंतर पाहू, आधी संत्रा बर्फी की पेढे ते सांगा.

धंतोलीची_मृदुला
अभिनंदन. अर्थाचं सांगते, एमेला संस्कृत होतं त्यातलं जे आठवतंय ते. 'रुक्म' म्हणजे सोनं, सोन्याचा दागिना. मूळ धातू रुच्, म्हणजे चकाकणं. शब्द लय जुना आहे. ऋग्वेदात मरुतांना 'रुक्मवक्षस्' म्हटलंय, म्हणजे छातीवर सोन्याचे दागिने घालणारे. तर रुक्मिणी म्हणजे सोन्याने सजलेली, झळाळणारी.

गंमत म्हणजे भागवतात तिच्या पाच भावांची नावं येतात. रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश आणि रुक्ममाली. आणि धाकटी ही रुक्मिणी.

तर्रीपोहे
म्हणजे भीष्मक राजाने पण एकच अक्षर पकडून सहा पोरं उरकली. आमच्या शेजारी आरव, आर्या, आरोही आहेत, त्यांना सांगतो परंपरा विदर्भाचीच आहे म्हणून.

दुपारची_झोप
😂😂 रुक्मबाहू ऐकून जिमचं नाव वाटलं.

निवृत्त_मास्तर
मी ३४ वर्षं शिक्षक होतो, आधी काटोल तालुक्यात, मग नागपुरात. दर जूनमध्ये नवीन हजेरीपट स्वतःच्या हाताने लिहायचो, त्यामुळे नावांचा माझा थोडाफार अभ्यास झालेला आहे असं समजा. सुरुवातीला वर्गात सुनीता, संगीता, मंगला, रेखा. मग एकाच वर्गात चार वैशाली, तीन मनीषा. मग अश्विनी, पूजा, स्नेहल, प्रियंका. शेवटी शेवटी तर अशी नावं आली की मुलगा की मुलगी हे आडनाव वाचूनही कळायचं नाही, हजेरी घेताना मान वर करून पाहायला लागायचं.

या सगळ्या वर्षांत विद्यार्थिनी म्हणून रुक्मिणी मला एकदाच भेटली. पण प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला येणाऱ्यांत पुष्कळ रुखमाबाई होत्या. सही म्हणजे अंगठा. आधी त्या आया होत्या, मग आज्या झाल्या. मग यायच्या बंद झाल्या.

जी एक विद्यार्थिनी होती ती अभ्यासात साधारणच, पण कबड्डीत जबरदस्त. तिला कोणी चिडवल्याचं मला आठवत नाही. चिडवायची कोणाची हिंमतच नव्हती.

पुण्याहून_नागपुरात
थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका. नाव सुंदर आहे, पण वापरायला जड आहे. क्मि हे जोडाक्षर मुलीला लिहायला दुसरी उजाडेल. बाहेरचे 'रुकमणी' करणार, इंग्रजीत के लिहायचा की के-एच यावर आधार आणि पॅनमध्ये फरक पडणार, आणि मग जन्मभर ॲफिडेविट करत बसा. माझ्या स्वतःच्या नावात 'ज्ञ' आहे, बँकेत दर वेळी नवीन स्पेलिंग होतं, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

धंतोलीची_मृदुला
@पुण्याहून_नागपुरात, मग दक्षिणेत कसं चालतं? रुक्मिणीदेवी अरुंडेल माहीत असतीलच. १९३६ साली चेन्नईत कलाक्षेत्र उभं केलं, भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७७ मध्ये राष्ट्रपतीपदासाठी विचारणा झाली तर नको म्हणाल्या. आताच्या सिनेमातसुद्धा बंगालीत रुक्मिणी मैत्र आणि कन्नडमध्ये रुक्मिणी वसंत आहेत, दोघी तरुण. म्हातारीचं नाव हे फक्त आपल्याकडे झालंय. आणि जिथली ती लेक तिथेच झालंय हे जास्त लागतं.

वर्धाकाठचा_आर्वीकर
लेक आमचीच हाय भाऊ! कौंडण्यपूर आमच्या आर्वीहून जवळच हाये, वर्धा नदी वलांडली का तिवसा तालुका. तेच भीष्मकाचं कुंडिनपूर. आषाढीले तिथून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरले जाते, चारशे वर्साच्या वरची परंपरा हाये. वारकऱ्यायच्या लेखी ते माहेरची पालखी होय. माया आजा दोनदा गेला होता चालत.

अन आमच्या इकडे कोनी रुक्मिणी म्हनत नाई, रुखमा म्हनते. गावात अजून चार रुखमाबाई हायेत, त्यातल्या एका रुखमाबाईच्या हातचा ठेचा खाल्ला तर तुमचे कान लाल होतीन.

अंबाझरी_काठ
आर्वीकर भाऊ, तुमच्या लेकीवर दुसऱ्यांचाही दावा आहे बरं का. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं अरुणाचलात होतो. तिथे रोइंगजवळ भीष्मकनगरचे अवशेष आहेत, आणि इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक मानतात. त्यांच्यातली केस आखूड कापायची जुनी पद्धत आहे तिचाही संबंध इथेच लावतात. रुक्मीने कृष्णाचा पाठलाग केला, कृष्णाने शिक्षा म्हणून त्याचे केस कापले, म्हणून आम्ही असे कापतो, असं सांगतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडात घास होता तो तसाच राहिला, कारण रुक्मीचं अर्धवट मुंडण तर भागवतातही आहे. गुजरातेत पोरबंदरजवळ माधवपूरला यांच्या लग्नाची जत्रा भरते, तिथे अलीकडे ईशान्येकडचे लोक वऱ्हाड घेऊन जातात.

वर्धाकाठचा_आर्वीकर
जत्रा कुठंबी भरवा न बाप्पा. भागवतात 'विदर्भ' लिवलं हाये का नाई?

धंतोलीची_मृदुला
लिहिलंय. तिला 'वैदर्भी'च म्हणतात. आणि त्या हिशोबाने दमयंती, अगस्त्यांची लोपामुद्रा, रघुवंशातली इंदुमती, सगळ्या विदर्भाच्याच राजकन्या. कालिदासाची मालविका पण. आपल्याकडे राजकन्यांची कमी नव्हती, कमी पाण्याची आहे.

इतवारीचा_व्यापारी
मालविका चालते, दमयंती नाही चालत. इंदुमती तर फक्त पापडाच्या पाकिटावर शोभते. याला काही लॉजिक आहे का?

दुपारची_झोप
लॉजिक सोपं आहे. जे नाव आपल्या आजीचं आहे ते जुनं वाटते, आणि जे पणजीच्याही आधीचं आहे, कोणाच्या ओळखीतच नाही, ते एकदम फॅन्सी वाटते. म्हणून गार्गी, मैत्रेयी, लोपामुद्रा धरमपेठेतल्या प्लेस्कूलमध्ये सापडतात आणि शांता, द्रौपदी, रुक्मिणी नाही. अजून वीस-तीस वर्षं थांबा, सुनीता फॅन्सी होईल.

निवृत्त_मास्तर
माझ्या सौ.चं नाव सुनीता आहे. तिला वाचून दाखवलं. ती म्हणते तोपर्यंत थांबायला वेळ नाही.

गोदाकाठची_सून
मी हे लिहू की नको असा विचार करत होते. आमच्याकडे हे नाव मुद्दाम ठेवत नाहीत. ज्ञानेश्वरांच्या आईचं नाव रुक्मिणी. समाजाने वाळीत टाकलं आणि शेवटी मुलांना मागे ठेवून नवरा-बायकोंनी देह ठेवला. तुकाराम महाराजांची पहिली बायको रखुमाई, दुष्काळात अन्नाविना गेली. देवी रुक्मिणीसुद्धा पंढरपुरात रुसून वेगळ्या गाभाऱ्यात. माझी आजी म्हणायची या नावाच्या बाईला सुख लागत नाही. श्रद्धा-अंधश्रद्धा काय ते तुम्ही ठरवा.

तर्रीपोहे
ताई, दुष्काळात फक्त रुक्मिण्याच गेल्या नाहीत हो.

अंबाझरी_काठ
गोदाकाठची_सून, तुमच्या आजीचा मान ठेवून सांगतो. डॉ. रखमाबाई हे नावही यातलंच. जन्म १८६४, अकराव्या वर्षी लग्न. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तो १८८४ साली कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. बाई म्हणाली कैद चालेल. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. मग विलायतेत जाऊन डॉक्टर झाली, सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं आणि १९५५ साली, नव्वदी पार करून गेली. संमतीवयाचा कायदा १८९१ साली आला त्यामागे जो गदारोळ उठला होता त्यात या खटल्याचा मोठा वाटा. या रुक्मिणीबद्दल काय म्हणाल?

आणि मूळ रुक्मिणी तरी कुठे गरीब गाय होती. घरच्यांनी शिशुपाल ठरवला, हिने ब्राह्मणाच्या हाती सात श्लोकांचं पत्र पाठवून कृष्णाला कळवलं की अमुक दिवशी देवीच्या देवळात येते, तिथून मला घेऊन जा. वेळ, ठिकाण, रस्ता सगळं प्लॅनिंग तिचंच.

वर्धाकाठचा_आर्वीकर
ते देऊळ म्हंजे अमरावतीची अंबादेवी. आमच्याकडे असंच सांगतेत.

इतवारीचा_व्यापारी
म्हणजे विदर्भातलं पहिलं लव्ह मॅरेज. आणि त्याच रुक्मिणीच्या स्वयंवराची पोथी आपल्या आया मुलींना वाचायला लावतात, कशासाठी, तर स्थळ लवकर जमावं म्हणून. अरेंज्ड! 😀

धंतोलीची_मृदुला
@इतवारीचा_व्यापारी, हे मात्र खरं आहे. एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर माझ्याही हातात दिलं होतं मावशीने. एकनाथांच्या आईचं नाव पण रुक्मिणीच. आणि त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, महानुभावांची महदाईसा रिद्धपूरला याच लग्नाचे धवळे गायली. मराठीतली पहिली कवयित्री मानतात तिला, आणि तिचा विषय काय तर रुक्मिणीचं लग्न. आता मराठी भाषा विद्यापीठ तिथेच झालंय.

पुण्याहून_नागपुरात
मान्य, मान्य. मी फक्त जोडाक्षराबद्दल बोललो होतो, इथे ज्ञानकोश उघडला गेला.

सक्करदरा_एक्सप्रेस
एक वेगळाच मुद्दा. आपण म्हणतो पूर्वी रुक्मिणी खूप होत्या. पण त्या सगळ्या जन्मापासून रुक्मिणी होत्या का? लग्नात नाव बदलायची पद्धत होती ना, ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहायचे. नवरा विठ्ठल किंवा पांडुरंग असला की बायको आपोआप रुक्मिणी. माझ्या आईच्या माहेरी तीन भाऊ, विठ्ठल, शंकर आणि राम, तर तिघांच्या बायका रुक्मिणी, पार्वती आणि सीता. तिघींच्या माहेरची नावं वेगळी होती, मला एकीचंच माहीत आहे. ज्ञानेश्वरांचे वडीलसुद्धा विठ्ठलपंतच, आता तिथे जोडी कशी जुळली ते मी काही सांगू शकत नाही. पण मला वाटते हे नाव कमी झालं त्याला फॅशनइतकंच हेही कारण आहे. मुलांची नावं विठ्ठल ठेवणं बंद झालं, सुनांची नावं बदलणं कमी झालं, तर रुक्मिणी येणार कुठून?

दुपारची_झोप
अरे बाप रे. हा अँगल डोक्यातच आला नव्हता.

निवृत्त_मास्तर
सक्करदरा, अगदी बरोबर. शाळेच्या दाखल्यावर एक आणि रेशनकार्डावर दुसरंच नाव असलेल्या किती बाया पेन्शनच्या कागदांसाठी माझ्याकडे यायच्या. "मास्तर, दोन्ही मीच आहे असं लिहून द्या."

तर्रीपोहे
@कूलरवाला भाऊ, आजोबांचं नाव काय होतं?

मानेवाडा_कूलरवाला
विठ्ठल.

थांबा. आत्या परवा बारशासाठी आली आहे. विचारतो.

इतवारीचा_व्यापारी
आता पॉपकॉर्न आणतो.

पुण्याहून_नागपुरात
तोपर्यंत एक कामाची गोष्ट. जन्माची नोंदणी २१ दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचं नाव लगेच द्यावंच लागतं असं नाही. नाव नंतर टाकता येतं, १२ महिन्यांपर्यंत फी लागत नाही, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा टाकलं की बदलायला मात्र नाकी नऊ येतात. म्हणून घाई करू नका. आणि स्पेलिंग प्लीज के-एच नको.

मानेवाडा_कूलरवाला
विचारलं. आजीचं माहेरचं नाव द्वारका.

आत्या अगदी सहज बोलली, जशी काही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. "आईले माहेरी द्वारकीच म्हणत, तुह्या आजोबाचं नाव विठ्ठल म्हणून इथं रुक्मिणी केलं." मी सात वर्षं जिच्या कुशीत झोपलो तिचं नाव मला आज कळलं. मी म्हटलं मग तिला कोणतं आवडायचं? आत्या म्हणे, तिला कोण विचारते.

वर्धाकाठचा_आर्वीकर
रुक्मिणी विदर्भातून द्वारकेले गेली, अन तुमची द्वारका विदर्भात येऊन रुक्मिणी झाली. आता बोला.

अंबाझरी_काठ
आर्वीकर, साष्टांग नमस्कार.

दुपारची_झोप
मग आता द्वारका ठेवणार का? अक्षर 'रू' नाही बसत पण.

सक्करदरा_एक्सप्रेस
माझं मत, रुक्मिणीच ठेवा. तुम्ही ज्या बाईला ओळखत होता ती रुक्मिणीच होती ना. साठ-सत्तर वर्षं त्या नावाला ओ दिली तिने. द्वारका तर तुमच्यासाठी अनोळखी मुलगी आहे.

धंतोलीची_मृदुला
मला उलट वाटतं. जे नाव तिच्याकडून काढून घेतलं ते परत देण्यात जास्त अर्थ आहे. दिल्लीत द्वारका म्हणजे मेट्रो स्टेशन हे मान्य, पण तरी.

गोदाकाठची_सून
माझ्या आजीचंही नाव बदललेलं होतं, ते कुणालाच आठवत नाही आता. विचारायला कोणी उरलंच नाही. तुम्ही नशीबवान, आत्या आहेत. काहीही ठेवा, आधीचं माझं बोलणं मनावर घेऊ नका.

इतवारीचा_व्यापारी
बारशाला पाळण्यात चार-पाच नावं घेतातच की. रुक्मिणी, द्वारका, दोन्ही कानात सांगा, कागदावर बायकोला विचारून. आणि सासूबाईंना म्हणा तुम्ही हिला छळा, फिट्टमफाट.

तर्रीपोहे
ते सगळं ठीक, पण आई का बोलत नव्हती ते राहिलंच ना?

मानेवाडा_कूलरवाला
तर्री भाऊ, तुमच्या डोक्याला मानलं. बारसं होऊन चार दिवस झाले, म्हणून आता लिहून राहिलो. बाहेर आग ओकत होतं, दोन कूलर लावले तरी पाहुणे घामाघूम, पोट्टी मात्र झोपलेली. आत्याने कानात रुक्मिणी पण सांगितलं, द्वारका पण. बायको म्हणाली कागदावर रुक्मिणी चालेल, कबड्डीवाल्या मुलीचं ऐकून तिचं मन वळलं, मास्तरांना नमस्कार सांगा म्हणाली. सासूबाई तिला 'मिनी' म्हणतात.

आईला मी रात्री सरळ विचारलं की तुझं काय म्हणणं होतं. ती भांडी पुसत होती. म्हणे, माझं काय, ठेवा ना, मला कोणी विचारून ठेवलं होतं का. मग कळलं. आई माहेरची मंदा. लग्नात सुमती केली, आजीनेच. मंदा म्हणजे मंद, असं नको आमच्या घरात, म्हणून. मला पस्तीस वर्षं हे माहीत नव्हतं, आणि मामा तिला 'मंदे' म्हणतात ते मला लाडाचं नाव वाटायचं.

मला तेव्हा काही सुचलं नाही. ज्या आजीचं नाव मी इतक्या हौसेने ठेवून राहिलो होतो तिनेच. आणि तिचंही तर कोणीतरी काढूनच घेतलं होतं.

सक्करदरा_एक्सप्रेस
...

धंतोलीची_मृदुला
मंदाकिनी असेल हो मूळ. मंद नाही. आकाशगंगा. आईंना सांगा.

मानेवाडा_कूलरवाला
सांगितलं मृदुलाताई. "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. आज सकाळी मात्र पोट्टीला तेल लावता लावता तिला "काय गं मंदे, काय गं मंदे" करत होती. मी चहा घेऊन दारातच उभा राहिलो, आत गेलो नाही.

तर्रीपोहे
भाऊ, बारशाच्या सांबारवड्या उरल्या असतील तर सांगा, मी मानेवाडा चौकातच आहे.